संगणकातून कागदावर : देवनागरी, प्रिंटर आणि अल्पप्रसृत कार्यप्रणाली

बीड तालुक्यातील पाली हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाच्या सान्निध्यात वसलेले आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे या गावाचाही राज्यकारभाराशी येणारा संबंध मुख्यतः कागदाच्या द्वारे येत आला. सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे निजामी राजवट संपेपर्यंत, या भागात कारभाराची भाषा उर्दू होती. जुने दप्तर चाळू गेल्यास त्यात मोडीचे कागदही आढळतात. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाल्यावर देवनागरी मराठीचा अंमल येथे दृढ झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या हस्ताक्षराची जागा प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदाने घेतली. उर्दू कागद वाचून दाखविण्यास गावात जाणता माणूस लागे. संगणकाच्या पोटातील मराठी कागदावर उतरविण्यासही असाच एक मध्यस्थ लागतो, परंतु तो डोळ्यांस दिसत नसल्यामुळे त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. 'मुद्रणयंत्र' म्हटले की छापखान्यातील यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते, म्हणून येथे 'प्रिंटर' हाच रूढ शब्द ठेवला आहे. संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूलभूत आज्ञावलीवर चालतात तिला कार्यप्रणाली म्हणतात; विंडोज ही तिच्यातील सर्वांत प्रचलित, लिनक्स ही घराघरांतील व कचेऱ्यांतील संगणकांवर अल्प प्रमाणात वापरली जाणारी. कार्यप्रणालीचे बोलणे विशिष्ट प्रिंटरला समजेल अशा भाषेत सांगणाऱ्या दुभाष्यास 'ड्रायव्हर' म्हणतात. त्यास मराठी प्रतिशब्द सुचविण्याचा मोह आवरणेच बरे.

या विषयाची चर्चा होते तेव्हा दोन समजुती हटकून पुढे येतात. देवनागरी लिपी गुंतागुंतीची म्हणून ती छापणे कठीण, ही एक. आणि युनिकोड आल्यावर प्रश्न सुटला, ही दुसरी. दोन्हींत तथ्यांश आहे, पण दोन्हींनी इतिहासाचा उलगडा होत नाही. आमच्या मते खरा प्रश्न असा आहे की, अक्षराचे टिंबांत रूपांतर करण्याचे ज्ञान कोणत्या काळी कोठे साठविलेले होते, आणि ते उघडून पाहण्याची व दुरुस्त करण्याची मुभा कोणाला होती.

खिळ्यांच्या छपाईचा इतिहास सर्वज्ञात असल्याने त्याचा येथे विस्तार करीत नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि पुढे लोकमान्य टिळकांसारख्यांनी खिळ्यांची संख्या घटविण्याच्या खटपटी केल्या. या सर्वांत एक गोष्ट समान होती. जोडाक्षर कसे जुळवावे हे ज्ञान जुळाऱ्याच्या बोटांत होते आणि खिळे ओतणारा कारागीर हाकेच्या अंतरावर होता. एखादे अक्षर केसमध्ये नसेल तर ते पाडून घेता येई.

संगणकाच्या प्रिंटरने ही सोय काढून घेतली. १९८० नंतरच्या दशकात कचेऱ्यांतून आलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये अक्षरांचे साचे यंत्राच्या आतील स्मृतीत कायमचे कोरलेले असत, आणि ते रोमन अक्षरांचे असत. संगणक फक्त क्रमांक पाठवी. क्रमांकावरून अक्षर कोणते काढावयाचे हे प्रिंटर ठरवी. देवनागरी छापावयाची तर ही वाट सोडून प्रत्येक ओळ टिंबांचे चित्र म्हणून पाठवावी लागे. नऊ सुयांच्या प्रिंटरमध्ये चित्र काढताना बहुधा आठ सुयांचा पट्टा एका फेऱ्यात उमटे. शिरोरेषेवरील वेलांटी, मात्रा व रफार, मधले अक्षर, आणि खालचा उकार एवढे सर्व आठ टिंबांच्या उंचीत सुबकपणे बसत नाही. परिणामी एकाच ओळीसाठी सुयांना दोन-तीन फेऱ्या घालाव्या लागत, आणि दोन फेऱ्यांमध्ये कागद किंचित सरकला तर शिरोरेषा व अक्षर यांची फारकत होई. त्या काळचे मराठी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती तुटलेली रेघ आठवत असेल.

या अडचणीवर देशी तोडगा निघाला तो कानपूर व पुणे यांच्या संयोगातून. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले होते ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे नेण्यात आले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. हे कार्ड संगणकात बसविले म्हणजे डॉसवर चालणाऱ्या तयार इंग्रजी आज्ञावल्यांतही भारतीय लिप्या वापरता येत, आणि त्या आज्ञावल्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. ही युक्ती मोठी कल्पक होती. तीत एक तात्त्विक बीजही होते. लिपीचे ज्ञान प्रिंटरच्या पोटातून निघून संगणकाच्या बाजूस आले. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक निश्चित झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील रूपावरून घेतलेली होती. मात्र जिस्ट कार्ड विकत घ्यावे लागे, आणि त्याच्या आत काय आहे हे पाहण्याची सोय वापरणाऱ्यास नव्हती.

विंडोजच्या आगमनाने कार्डाची गरज संपली, पण नवी अराजकता माजली. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची 'सुरेख' मालिका अशा प्रत्येक संचाने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसविले. छपाईच्या दृष्टीने ही युक्ती सुखाची होती, कारण प्रिंटरच्या ड्रायव्हरला हा मजकूर रोमनच वाटे आणि तो निमूटपणे छापी. मराठवाड्यातील कचेऱ्या, छापखाने व वृत्तपत्रे या सोयीवर कित्येक वर्षे चालली. पण एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात नेला की त्याचा चिवडा होई. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तिच्यातील 'मंगल' हा फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता.

आता मुख्य विषयाकडे वळू. अल्पप्रसृत कार्यप्रणाली आणि प्रिंटर यांचे वैर योगायोगाचे नाही. खुल्या आज्ञावलींच्या चळवळीच्या मुळाशीच एक प्रिंटर आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर मिळाला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की संगणकावर बसलेल्यांना सूचना जावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मिळेना, म्हणून ती सुधारणा त्यात करता येईना. या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांच्या लिनक्सची त्यात भर पडली.

महाराष्ट्रात या प्रणालीवर भारतीय भाषा आणण्याचे काम २०००च्या आसपास सुरू झाले. मुंबईच्या एन.सी.एस.टी. या संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, 'इंडिक्स' नावाचा प्रयत्न झाला. 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी गटाने भाषांतराचे काम हाती घेतले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले 'लोहित' फाँट रेड हॅट कंपनीने २००४ साली खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली बाहेर आणली व तीत मराठीचा समावेश केला. येथवर सर्व ठीक होते. अडचण कागदापाशी आली, आणि ती दुहेरी होती.

पहिली अडचण यंत्राची. १९८४ सालच्या पोस्टस्क्रिप्टसारख्या पृष्ठवर्णन भाषा समजणारे प्रिंटर महाग असत. किंमत उतरविण्यासाठी १९९० नंतर असे प्रिंटर निघाले, की ज्यांच्यात स्वतःची बुद्धी जवळजवळ नव्हती. पान रचण्याचे सर्व काम विंडोजमधील ड्रायव्हरने करावयाचे. भारतीय कचेऱ्यांत सर्वत्र दिसणारे दोन छोटे लेझर प्रिंटर उदाहरणादाखल घेता येतील. एच.पी.चा लेझरजेट १०२० हा दर वेळी चालू केल्यावर संगणकाने त्याच्या आत त्याचीच आज्ञावली पोचवीपर्यंत निरक्षर असे. लिनक्सवर तो एका स्वयंसेवकाने लिहिलेल्या ड्रायव्हरने चाले. किंवा कंपनीच्याच संचाने, पण त्या संचातील एक भाग खुला नव्हता. कॅननचा एल.बी.पी. २९०० हा कॅप्ट नावाच्या खाजगी बोलीत बोले. कंपनीने लिनक्ससाठी दिलेल्या ड्रायव्हरचे काही भाग केवळ ३२ बिटांच्या तयार रूपात असल्याने ६४ बिटांच्या प्रणालीवर तो बसविताना नाकी नऊ येत. शेवटी हौशी मंडळींनी त्या बोलीचा उलटा शोध घेऊन स्वतंत्र ड्रायव्हर लिहावयास घेतला. प्रिंटर स्वस्त झाला तो अशा रीतीने, की त्याची किंमत अल्पसंख्य प्रणाली वापरणाऱ्यांनी वेळेच्या रूपात चुकविली.

दुसरी अडचण लिपीची, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती अधिक उद्बोधक आहे. त्या वर्षांत पडद्यावर शुद्ध दिसणारा मराठी मजकूर कागदावर मोडून येई. याचे कारण असे की पडद्यासाठी अक्षरे जुळविणारा भाग आणि कागदासाठी जुळविणारा भाग हे अनेक आज्ञावल्यांत निरनिराळे होते. 'पँगो' या खुल्या आज्ञावलीसंग्रहामुळे पडदा जोडाक्षरे शिकला होता. छपाईची वाट मात्र अजून रोमन अक्षरांच्याच कल्पनेवर उभी होती. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडे, रफार चुकीच्या अक्षरावर चढे, हलन्त उघडे राही. मराठीची आणखी एक खोड आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा; 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत पंडित व स्वयंपाकी यांचे अंतर आहे. हा भेद दाखविणारा आडव्या चंद्रकोरीसारखा र हिंदीस लागत नाही, म्हणून केवळ हिंदीवर तपासलेली आज्ञावली मराठीत येथे हमखास अडखळे. सातबाऱ्यावरील नावात असा घोळ झाला तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. ते नाव कोणाचे, हाच वाद उपस्थित होऊ शकतो.

या दोन्ही अडचणी सुटल्या त्या मराठीसाठी कोणी खास काही केल्यामुळे नव्हे, हे मान्य केले पाहिजे. लिनक्सवरील छपाईचा कारभार मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये हाती घेतलेल्या 'कप्स' या आज्ञावलीकडे गेला होता. २००६ साली अटलांटा येथे भरलेल्या छपाईविषयक परिषदेत असे ठरले की, छापावयाचे काम पोस्टस्क्रिप्टऐवजी पी.डी.एफ. स्वरूपात पाठवावे. ही वरकरणी रुक्ष वाटणारी तांत्रिक निवड देवनागरीच्या पथ्यावर पडली. पी.डी.एफ. बनविताना अक्षरजुळणी एकदाच, पडद्यासाठी वापरलेल्या त्याच साधनाने होते आणि जुळलेल्या आकृती फाँटसह पानात बंद होतात. त्यापुढे प्रिंटरला लिपी कळण्याची गरजच उरत नाही. २००८ सालच्या फायरफॉक्स ३ ने पडदा व कागद यांसाठी एकच रेखाटनसाधन वापरावयास सुरुवात केली तेव्हा लिनक्सवर पडद्याचे आणि कागदाचे देवनागरी एक होण्याची वाट मोकळी झाली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून मोजल्यास यास १७ वर्षे लागली. युनिकोडने प्रश्न सोडविला असे म्हणणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात घ्यावा.

यंत्राची अडचण सुटण्यास आणखी काळ गेला, आणि तिचे श्रेय बव्हंशी मोबाइल फोनकडे जाते. फोनमध्ये हजारो ड्रायव्हर भरून ठेवता येत नाहीत. म्हणून अ‍ॅपलने २०१० साली 'एअरप्रिंट' आणले, ज्यात प्रिंटरच आपली क्षमता स्वतः सांगतो आणि ठराविक स्वरूपातील पान स्वीकारतो. त्याचा पाया १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.पी.पी. या खुल्या संकेतावर होता. २०१३ साली त्याच धर्तीवर 'आय.पी.पी. एव्हरीव्हेअर' हे सर्वांस खुले मानक झाले. फोनसाठी केलेली सोय लिनक्सला जशीच्या तशी लागू पडली, आणि नव्या प्रिंटरसाठी ड्रायव्हर शोधण्याचे कारण पुष्कळसे संपले. कप्सची मूळ आज्ञावली २००७ पासून अ‍ॅपलच्या मालकीची होती. परंतु ती खुल्या परवान्याखाली असल्यामुळे, कंपनीचे लक्ष तिच्यावरून उडाल्यावर २०२० मध्ये 'ओपनप्रिंटिंग' या गटाला तिचे काम पुढे चालविता आले.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मग अल्पप्रसृत प्रणालीने स्वतः काय कमाविले? मोठ्या कंपन्यांच्या सोयीतून पडलेले दाणेच ना? आक्षेप अर्धा खरा आहे. पण ते दाणे वेचण्यास लागणारे सूप आधीपासून तयार होते. लोहित फाँट, अक्षरजुळणीची खुली साधने व कप्स ही ज्यांनी पंधरा-वीस वर्षे सांभाळली, त्यांच्याविना एअरप्रिंटचा मराठी लिनक्सला काही उपयोग झाला नसता. शिवाय जुने यंत्र अजून जिवंत आहे. सरकारी टेबलावरचा दहा-पंधरा वर्षांचा प्रिंटर कोणी टाकून देत नाही, आणि त्याला आय.पी.पी. ठाऊक नसते. अशा यंत्रांसाठी जुन्या ड्रायव्हरला नव्या मानकाचे आवरण घालून संगणकावरच एक कल्पित नवा प्रिंटर उभा करावयाचा, अशी योजना ओपनप्रिंटिंग गटाने अंगीकारली आहे. जिस्ट कार्डाची युक्तीच येथे उलट दिशेने वापरली आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी येईल.

याच वाटेने एक अनपेक्षित गोष्टही घडली. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला. पुढे तिचे खुले फाँट झाले आणि अक्षरजुळणीच्या खुल्या साधनांत तिचे नियम आले. बीड जिल्ह्यातील जुन्या दप्तरांवर काम करणारा अभ्यासक आज मोडीतील उतारा संगणकावर मोडीतच जुळवून बॉससारख्या प्रणालीवरून कोणत्याही साध्या प्रिंटरवर छापू शकतो. तो प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीने मोडीचे नावही ऐकलेले नसण्याचाच संभव अधिक.