मिरज जंक्शन ते स्टार अलायन्स : एका तिकिटाचा इतिहास

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून सातारा रोड स्थानकात बसलेला प्रवासी कोल्हापूरपर्यंत रेल्वेने जाऊ लागला. वाटेत तो ब्रिटिशांचा सातारा जिल्हा ओलांडी, पटवर्धनांच्या मिरज संस्थानातून जाई आणि शेवटी छत्रपतींच्या कोल्हापूर राज्यात उतरे. सत्ता बदलत, परंतु गाडी चालवणारी कंपनी एकच होती : सदर्न मराठा रेल्वे.

यातील मौज अशी की, मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग त्या कंपनीचा नव्हताच. त्याची मालकी कोल्हापूर दरबाराची होती. कंपनी तो केवळ चालवत असे. १९०७ मध्ये मिरज-सांगली हा सुमारे पाच मैलांचा फाटा झाला, तोही याच रीतीने. मालक सांगली संस्थान, गाडी कंपनीची. आज विमानाच्या तिकिटावर एका कंपनीचे नाव असते आणि प्रत्यक्षात विमान दुसरीच कंपनी उडवते. या ‘कोडशेअर’ व्यवस्थेत नवल वाटणाऱ्यांनी मिरज जंक्शनचा जुना नकाशा एकदा पाहावा.

१९२७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरहून मिरजेला पोहोचली. लंडनमध्ये नोंदलेली ही निराळी कंपनी, आणि तिचे रूळ अडीच फुटी. सदर्न मराठा १९०८ मध्येच मद्रास रेल्वेत मिसळून ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली होती आणि तिचे रूळ मीटरगेज होते. त्यामुळे मिरजेत माणसांना गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात.

अशा ठिकाणी एखादे पोते हरवले तर दोष कोणाचा? १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यातील कलम ८० ने याचे उत्तर दिले होते. माल किंवा प्रवासी अनेक रेल्वेंवरून ‘थ्रू’ नोंदला असेल, तर ज्या रेल्वेकडे माल सोपवला किंवा जिच्याकडून तिकीट घेतले तिच्यावर, अथवा जिच्या हद्दीत नुकसान झाले तिच्यावर दावा लावता येई. ‘ते आमच्या हद्दीत घडले नाही’ एवढे सांगून पहिल्या कंपनीला हात झटकता येत नसत. कागदावरचा हा हक्क सामान्य शेतकऱ्याच्या हाती कितपत पडला हा प्रश्न वेगळा. पण तत्त्व महत्त्वाचे होते.

पैशांच्या वाटणीचा प्रश्न इंग्लंडमध्ये त्याआधीच सुटला होता. १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊस स्थापन झाले. एका तिकिटाच्या रकमेतून कोणत्या कंपनीला किती द्यायचे, याचा हिशेब तेथे होई. विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने १९४७ मध्ये आपले क्लिअरिंग हाऊस सुरू केले, ते याच वळणाचे.

मग विमान कंपन्या सरळ एकत्रच का झाल्या नाहीत? कारण येथेही संस्थाने आहेत. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावरील सार्वभौमत्व मान्य केले. उड्डाणाचे हक्क दोन देशांच्या करारांतून मिळतात आणि बहुतेक देश परकीय मालकीवर मर्यादा घालतात. विलीनीकरण अवघड, म्हणून युती. १४ मे १९९७ रोजी युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स स्थापली. पाठोपाठ १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम आली. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये दाखल झाली.

सततच्या प्रवाशाला मिळणाऱ्या सवलतींचा उगम मात्र वेगळा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने भाडे ठरवण्याचे सरकारी नियंत्रण उठू लागले, स्पर्धा पेटली, आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजून बक्षीस देणारी योजना आणली. युतीने या योजना परस्परांशी जोडल्या. एअर इंडियाचा सभासद लुफ्तान्साने गेला तरी गुण त्याच्या मूळ खात्यात जमा होऊ शकतात. किती, हे भाड्याच्या वर्गावर ठरते. स्टार अलायन्समधील ‘गोल्ड’ दर्जाला विश्रामकक्ष, जादा सामान, रांगेत अग्रक्रम मिळतो. ‘सिल्व्हर’ला युतीभर प्रामुख्याने प्रतीक्षायादीतील अग्रक्रमच, म्हणजे हाती फारसे काही नाही.

येथे एक गल्लत नेहमी होते. गुण म्हणजे मालमत्ता नव्हे. ते कंपनीचे आश्वासन असते. काही काळ कोल्हापूरला विमानसेवा देणारी किंगफिशर वनवर्ल्डच्या उंबरठ्यावर होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो प्रवेश लांबणीवर पडला, ऑक्टोबरमध्ये उड्डाणे थांबली आणि सभासदांचे गुण कवडीमोल झाले.

दुसरी गल्लत अधिक महाग पडते. प्रवाशाचे खरे संरक्षण युतीच्या चिन्हात नसून एकाच तिकिटात असते. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार, एकाच सलग प्रवासात सामान हरवले तर पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या टप्प्यात ते हरवले ती, अशा तिघींना जबाबदार धरता येते. कलम ८० ची आठवण येथे सहज होते.

सांगलीचे कुटुंब आज शिकागोला निघते तेव्हा जवळचा विमानतळ कोल्हापूरचा. तेथून उडणाऱ्या स्टार एअरचा स्टार अलायन्सशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही (अलायन्स एअर ही कंपनीही कोणत्याच युतीत नाही!). मुंबईपर्यंतचे तिकीट वेगळे काढले आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढच्या कंपनीवर थांबण्याचे वा नवे आसन देण्याचे बंधन नसते. सामानही मुंबईत उचलून स्वतःच पुन्हा नोंदवावे लागते.