सनबॉनेट: उन्हाची टोपी आणि रंगाची कुंपणं

आजच्या भागात आपण एका टोपीबद्दल बोलणार आहोत. ही टोपी राजाची नाही, सैनिकाचीही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत बायका आणि लहान मुली उन्हात घालायच्या, ती साधी सुती टोपी. नाव सनबॉनेट. इतिहासाच्या पुस्तकांत तिला फारशी जागा मिळत नाही. घरात शिवली, घालून घालून विरली आणि शेवटी तिचं फडकं झालं, असं तिचं आयुष्य.

आधी ती दिसते कशी, ते सांगतो. आपली बाळाची कुंची आठवा. डोकं, कान आणि पाठ झाकणारी, हनुवटीखाली बंद बांधलेली. सनबॉनेटचं कुंचीशी नातं काही नाही, पण चित्र डोळ्यांपुढे यायला मदत होईल. आता त्या कुंचीला कपाळावर पुढे आलेली रुंद, ताठ झडप लावा. डोक्यामागे चुण्या घालून फुगा करा आणि मानेवर झालर सोडा. झाली सनबॉनेट.

यातली खरी गंमत त्या झडपेत आहे. सुती कापड ताठ उभं राहणार कसं? कोणी खळ घालायचं. कोणी दोन थरांमध्ये दोऱ्या घालून ओळीने टिपा मारायचं. तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. झडपेच्या अस्तरात शेजारी शेजारी अरुंद कप्पे शिवायचे आणि त्यांत पुठ्ठ्याच्या किंवा पातळ लाकडाच्या पट्ट्या सरकवायच्या. टोपी धुवायची वेळ आली की पट्ट्या काढायच्या, वाळली की परत घालायच्या. काही टोप्यांचा मागचा भाग तर बटणांनी जोडलेला असायचा. बटणं काढली की कापड सपाट, इस्त्री सोपी. ज्या बाईला स्वतःच धुवायचंय आणि स्वतःच इस्त्री करायचीये, तिच्याच डोक्यातून हे निघू शकतं.

ही टोपी मी शिवून बघितली. माझी भाची सव्वातीन वर्षांची आहे, राहते जळगावला. तिथला मे महिना तुम्हाला माहितीये. बाजारातल्या टोप्या कपाळ झाकतात आणि मान उघडी ठेवतात. म्हटलं, जुनी युक्ती करून बघू. आईचं शिलाई मशीन, जुन्या सुती साडीचं कापड आणि लग्नपत्रिकांचा पुठ्ठा. सामान एवढंच.

माप सोपं आहे. एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत टेप धरायची. तेवढी झडपेची लांबी, वर शिलाईसाठी थोडं कापड. मागचा भाग त्याहून बराच मोठा कापायचा, कारण त्याला चुण्या येतात. धावदोरा घालून चुण्या ओढायच्या, सारख्या करायच्या आणि झडपेला जोडायच्या. मानेपाशी नेफा करून नाडी ओवायची. मूल वाढलं की नाडी सैल करायची, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातही टोपी चालते. खाली झालर लावली की झालं. एक बदल मी मुद्दाम केला. हनुवटीखाली लांब बंद लावले नाहीत, ते घसरगुंडीवर अडकू शकतात. त्याऐवजी ओढलं की लगेच सुटेल असं छोटं वेल्क्रो लावलं.

झडप शिवून झाल्यावर, मशीनला लावायच्या आधी, मी ती स्वतःच्या चेहऱ्याभोवती धरून बघितली. समोरचं दिसत होतं, बाजूचं काहीच नाही. घोड्याला झापडं लावतात ना, अगदी तसं. मान पूर्ण वळवल्याशिवाय शेजारी कोण उभं आहे तेही कळेना. तेव्हा एका पुस्तकातली मुलगी आठवली.

लॉरा इंगल्स वाइल्डर ही अमेरिकन लेखिका, जन्म 1867चा. तिचं ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ हे पुस्तक 1935 साली आलं. त्यातल्या छोट्या लॉराला सनबॉनेट नकोशी वाटते. तिची टोपी सारखी पाठीवर लोंबत असते. मोठी बहीण मेरी मात्र शहाण्यासारखी घालून बसते. आईची तक्रार काय? ऊन लागेल, ही नव्हे. टोपी नाही घातली तर तुम्ही पोरी इंडियनांसारख्या दिसायला लागाल, ही. इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी.

आता हे कुटुंब राहत कुठे होतं ते बघा. 1869 ते 1871 या काळात खरं इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये होतं, आणि ती जमीन ओसेज लोकांची होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे आधीच घरं बांधायला सुरुवात केली होती. पुढे ओसेजना तिथून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर राहायचं, त्यांच्यासारखं दिसायचं मात्र नाही, आणि ती सीमा सांभाळायची जबाबदारी एका लहान मुलीच्या टोपीवर! या पुस्तकांतलं मूळ रहिवाशांचं आणि काळ्या लोकांचं चित्रण हा वादाचा मुद्दा झाला आणि 2018 साली अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने लॉराच्या नावाचा पुरस्कारच दुसऱ्या नावाने द्यायला घेतला.

गोऱ्या कातडीला ऊन भाजतं, हे खरंच आहे. उघड्या माळरानावर झाड नाही, सावली नाही. तिथे टोपीची गरजच होती. शेतात राबणाऱ्या काळ्या बायकांनीही सनबॉनेट घातली. पण गोऱ्या मुलीच्या डोक्यावर तीच टोपी आणखी एक काम करत होती. तू उन्हात राबणाऱ्यांपैकी नाहीस, हे ती जगाला सांगत होती.

आणि कापड? या टोप्या बऱ्याचदा कॅलिकोच्या असायच्या. अमेरिकेत कॅलिको म्हणजे बारीक छापाचं सुती कापड. हा शब्द आला आपल्या कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून. भारतीय छापील कापड इंग्लंडमध्ये इतकं खपलं की 1700 आणि 1721 साली त्यावर बंदीचे कायदे करावे लागले. पुढे गिरण्या आल्या आणि त्या गिरण्यांना लागणारा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम पिकवू लागले. 1860च्या शिरगणतीत तिथे गुलामांची संख्या सुमारे 39 लाख होती. म्हणजे गोऱ्या मुलीचं ऊन अडवणाऱ्या कापडाचा कापूस बहुतेक वेळा गुलामांनी उन्हात उभं राहून वेचलेला होता.

विसाव्या शतकात तर सनबॉनेट गोंडस झाली. 1900 साली बर्था कॉर्बेट या चित्रकर्तीचं ‘सनबॉनेट बेबीज’ आलं. टोपी एवढी मोठी की पोरींचे चेहरेच दिसत नाहीत. पुढे हेच चित्र गोधड्यांवर गेलं.

हे सगळं ऐकताना तुम्हाला ओळखीचा आवाज आला असेल. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.’ आपल्याकडे हे वाक्य पोरींना किती वेळा ऐकवलं जातं! पोरांना फारसं नाही. पुण्यात दुपारी स्कूटरवरच्या मुली बघा. स्कार्फ, सनकोट, हातमोजे, फक्त डोळे उघडे. धूळ आहे, ऊन आहे, कारणं खरी आहेत. पण त्यातलं किती ऊन टाळण्यासाठी आणि किती रंग टिकवण्यासाठी, हे आपलं आपल्यालाच ठाऊक.

मग टोपी फेकून द्यायची का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात 1981पासून मुलांना उन्हापासून जपायची मोठी मोहीम चालली. तिथे मुलं मानेवर पडदा असलेल्या टोप्या घालतात. मुलगेही घालतात, मुलीही. मानेवरची ती झालर कामाचीच आहे. म्हणून मीही झालर ठेवली. झडप मात्र दोन्ही बाजूंनी तिरकी कापली, म्हणजे डोळ्यांवर सावली पडते आणि शेजारून सायकल आली तर दिसते.

घरी मी एक विनंती केलीय. टोपी घालताना भाचीला ‘ऊन लागेल’ एवढंच सांगायचं. ‘काळी होशील’ म्हणायचं नाही. आजीला सवय मोडायला वेळ लागतोय, पण दिवसातून दोनदा तरी ती मध्येच थांबते.

तुमच्या घरी जुनी कुंची असेल तर ती उलटी करून शिवण बघा. कोणी शिवली, कशाच्या कापडाची, तेव्हा काय सांगून घातली, हे विचारा. जे कळेल ते आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, बाहेर जाताना टोपी घ्या!