नाव कोण ठेवणार?

"तू नक्की कोण? बाई की पुरुष?" असे दरडावून विचारणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आम्ही आपलाच इतिहास आठवून देतो. जानेवारी 1938. मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने विधेयकातून अस्पृश्यांवर 'हरिजन' हे नाव लादले. भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेबांनी विरोध केला, स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. 'दलित' आणि 'बौद्ध' ही नावे मात्र आपण स्वतः घेतली.

तृतीयपंथीयांवरही राज्यानेच शिक्का मारला. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंदवही होती. नोंद झालेल्याने बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणे हा गुन्हा. 15 एप्रिल 2014 रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. 2019 च्या कायद्याने पुन्हा जिल्हाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मध्ये आणले.

मग नाव हवेच का? हक्क मागताना हवे. निनावी माणसाला आरक्षण मिळत नाही. पण भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या कुणाला अजून उत्तर सापडले नसेल, तर न ठरवण्याचाही हक्क आहे. नाव सावकाश ठरेल. माणूसपण आजच मान्य करा.

जय भीम!