कोल्लिडमचा पूर आणि होडीमागचं इंजिन



सध्या माझी पोस्टिंग एनसीसीत आहे आणि मुक्काम कुंभकोणमला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा माणूस, आयुष्य पूल बांधण्यात आणि नद्या ओलांडण्यात गेलं. इथे मात्र सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी कागदपत्रं आणि संध्याकाळी पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी. गाव देवळांचं. दर बारा वर्षांनी महामहम तलावावर लाखोंची गर्दी होते. पण नकाशा उघडला की सॅपरच्या डोळ्याला देवळांच्या आधी पाणी दिसतं. गावाच्या उत्तर अंगाला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि आणखी थोडं उत्तरेला गेलं की कोल्लिडम.

त्या कोल्लिडमच्या काठावरच्या एका गावातला पोरगा आमचा कॅडेट आहे. एक दिवस तो गावच्या पंचायतीतल्या चार माणसांना घेऊन ऑफिसात आला. गावाने वर्गणी काढून पुरासाठी एक फायबरची होडी घेतली होती, आठ-दहा माणसांची. आता तिच्यामागे लावायला मोटर घ्यायची होती. "सार, आर्मीत कुठली वापरतात? कधीच बंद पडणार नाही अशी सांगा." प्रश्न साधा होता. उत्तर देण्याआधी मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दोन दिवसांत वाचलेलं आणि पूर्वी पाहिलेलं इथे मांडतो.

आधी नदी समजून घेऊ. तिरुचिरापल्लीच्या वर मुक्कोंबूला कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा कावेरीच म्हणून राहतो आणि त्याचे कालवे, फाटे तंजावरचा भात पिकवतात. उत्तरेकडचा कोल्लिडम. त्याचा उतार जास्त, पात्र रुंद आणि वाळूचं. पूर आला की जादा पाणी तिकडे सोडायचं, ही इथली जुनी रीत. चोळांच्या काळापासूनचा कल्लणै बंधारा हेच काम करतो.

आपल्या लोकांचा या पाण्याशी संबंध जुना आहे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमला एका मराठी घरात जन्मले. पण १७९९ नंतर मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि पाण्याची चिंताही तिच्याकडे गेली. कोल्लिडम खोल होत चालला होता, कावेरीचं तोंड गाळाने भरत होतं आणि भाताचं पाणी उताराने निघून जात होतं. आर्थर कॉटन या मद्रासच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने १८३६ मध्ये मुक्कोंबूला वरचा बंधारा आणि कुंभकोणमच्या ईशान्येला अणैकरैला खालचा बंधारा घातला. खालच्या बंधाऱ्यासाठी गंगैकोंडचोळपुरमच्या देवळाच्या कोटाचे दगड उचलून नेले. ते वाचून वाईट वाटतं, पण त्या बंधाऱ्याचं पाणी आजही वीराणम तलावात जातं.

बंधारे असले तरी पूर यायचा तो येतोच. ऑगस्ट २०१८ मध्ये मेट्टूर धरणातून दोन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. हिशेब केला तर सेकंदाला छपन्न लाख लिटर. त्याच महिन्यात मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याचे काही दरवाजे वाहून गेले. अशा पाण्यात काठावरची वस्ती रातोरात बेट होते. वर अणैकरैच्या बाजूला पात्रात मगरी आहेत. पोहून जाऊ, हा विचार तिथे कोणी करत नाही. एरवी नदी ओलांडायला परिसल, म्हणजे वेताची गोल टोपली, चालते. पुरात तिचा उपयोग नाही. म्हणून मोटर.

आता मोटरचा इतिहास. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, म्हणून आउटबोर्ड. फौजेत आपण त्याला ओबीएम म्हणतो. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाने १९०५ च्या सुमारास असं इंजिन करून पाहिलं. पण ते घरोघर पोचवलं मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने. हा नॉर्वेत जन्मलेला कारागीर. १९०९ मध्ये त्याने विकायला काढलेलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं, वजन बासष्ट पौंड आणि किंमतही बासष्ट डॉलर. त्याची खरी करामत ताकदीत नव्हती. एका माणसाने उचलावं, होडीला अडकवावं, काम झालं की काढून घरी न्यावं, ही सोय नवी होती. होडी कोणाचीही असो, इंजिन आपलं.

फौजेने हा गुण लगेच हेरला. दुसऱ्या महायुद्धात नदी ओलांडायच्या बोटींना ही इंजिनं लागली. त्यातला एक प्रसंग सॅपर माणसाने विसरू नये असा आहे. फेब्रुवारी १९४५, ब्रह्मदेश. स्लिमच्या चौदाव्या आर्मीला इरावती ओलांडायची होती. सातव्या भारतीय डिव्हिजनने न्यांगू इथली जागा निवडली. १४ फेब्रुवारीला पहाटेच्या अंधारात साउथ लँकेशायर पलटणीची पहिली कंपनी वल्ही मारत, आवाज न करता पलीकडे पोचली आणि वरचे कडे ताब्यात घेतले. मागच्या कंपन्या इंजिनाच्या बोटींनी निघणार होत्या. काही इंजिनं सुरूच झाली नाहीत, काही बोटींत पाणी शिरलं, उशीर झाला आणि उजाडलं. प्रवाहाने बोटी खाली ओढल्या, थेट जपानी मशीनगनच्या समोर. भर नदीत माणसं मेली. नंतर तोफा, रणगाडे आणि विमानांच्या आडोशाने चौथ्या पंधराव्या पंजाब पलटणीचे जवान ओलांडून गेले, तेव्हा कुठे काम झालं.

यातून वल्हं चांगलं आणि इंजिन वाईट असा अर्थ काढू नये. तेवढी मोठी नदी सगळ्या डिव्हिजनने वल्ह्यांनी ओलांडली नसती. अर्थ इतकाच की इंजिन सुरू होईल हे धरून वेळापत्रक आखलं आणि ते सुरू झालं नाही, तर माणूस मधल्या मध्ये सापडतो. काठावर बंद पडलेलं इंजिन ही नुसती अडचण. मधोमध बंद पडलेलं इंजिन म्हणजे जीव. १९७१ मध्ये मेघना ओलांडताना जनरल सगत सिंगांनी हेलिकॉप्टरं वापरली आणि गावकऱ्यांच्या साध्या होड्याही वापरल्या. एकाच साधनावर सगळा भार टाकायचा नाही, हा धडा तोवर मुरला होता.

इकडे समुद्रकाठी वेगळा इतिहास घडत होता. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात नींदकरैला मासेमारीच्या बोटींना इंजिनं बसवायचं काम सुरू झालं. एव्हिनरूडच्या मायदेशाची माणसं इंजिनं घेऊन आपल्या किनाऱ्यावर आली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. १९८० च्या दशकात केरळच्या कोळ्यांनी जपानी आउटबोर्ड स्वीकारले आणि ते रॉकेलवर चालवले. तमिळ किनाऱ्याने दुसरी वाट धरली. इथे लांब दांड्याचं छोटं डिझेल इंजिन आलं. इंजिन होडीत, हवेने थंड होणारं, आणि पंखा लांब दांड्याच्या टोकाला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिनमची होडी-जाळी धुऊन नेली. मदतीत फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या आणि त्यांच्यासोबत ही लांब दांड्याची इंजिनंही पसरली. आज नागपट्टिनम, कारैकलच्या बंदरात कोणताही पोरगा ते इंजिन उघडून दाखवेल.

आता माझा स्वतःचा अनुभव. ऑगस्ट २०१९, सांगली. आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले होते. आमचा कॉलम बोटी घेऊन गल्ल्यांतून फिरत होता. त्या पाण्यात इंजिन का बंद पडतं हे मी पाहिलं. पंख्यात साडी गुंडाळली जाते, चारा अडकतो, केबलची तार अडकते. पाणी खेचणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटते आणि इंजिन तापतं. पंखा बुडालेल्या कठड्याला आपटतो आणि शिअर पिन तुटते. ही पिन तुटण्यासाठीच असते, ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात. पण खिशात दुसरी पिन आणि पक्कड नसेल तर वाचलेल्या गिअरचं करायचं काय? त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांनी भरलेली बोट उलटली. आपण पाहतोय म्हातारी, लेकरं, आणि काठ दिसतोय, तरी पाणी सोडत नाही. तेव्हापासून बोटीत किती माणसं बसवायची हा प्रश्न मला कुठली मोटर घ्यायची यापेक्षा मोठा वाटतो.

तिसऱ्या दिवशी पंचायतीची माणसं परत आली. सोबत एक म्हातारा नावाडी होता. मी त्यांना हिशेब असा सांगितला.

पहिला, ताकद. पुरात कोल्लिडमचा प्रवाह सेकंदाला दोन-तीन मीटर धरला तर तो ताशी सात ते अकरा किलोमीटर झाला. आठ-नऊ हॉर्सपॉवरची मोटर भरलेली होडी ओढून साधारण तेवढ्याच वेगाने जाईल. म्हणजे मोटर ओरडेल आणि होडी जागच्या जागी उभी राहील. पंचवीसच्या आसपास हवी. मात्र होडीच्या मागच्या फळीला ती पेलली पाहिजे आणि दांड्याची लांबी फळीच्या उंचीला जुळली पाहिजे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा खातो, लांब पडला तर वाळूत रुततो.

दुसरा, इंजिनाचा प्रकार. फोर-स्ट्रोक कमी पितं, कमी धूर करतं, पण जड असतं आणि बिघडलं तर गावात दुरुस्त होणं कठीण. टू-स्ट्रोक हलकं, सुटे भाग कमी, दोरी ओढून सुरू होतं, बॅटरीची भानगड नाही. पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल हे प्रमाण कॅडेटलाही पाठ होतं. लांब दांड्याचं डिझेल इंजिन दणकट आणि गवतातून निघणारं, पण वळायला जागा फार लागते आणि उघडा पंखा लांबवर फिरत असतो. पाण्यात पडलेली माणसं जिथे उचलायची तिथे मला तो नको वाटला.

तिसरा, नाव. इथे सगळे कान टवकारून बसले. मी त्यांना एव्हिनरूडचा शेवट सांगितला. ज्या नावाने हा धंदा उभा केला, त्या नावाची इंजिनं बनणं २०२० मध्ये बंद झालं. उत्तम इंजिन, पण पाच वर्षांनी इम्पेलर मिळाला नाही तर शोभेचं लोखंड. म्हणून कंपनी विचारू नका. नागपट्टिनम किंवा कारैकलच्या मेकॅनिकला विचारा की तुझ्या फळीवर आज कुठल्या मोटरचे भाग पडलेत. त्या मोटरीकडे बघा.

चौथा, अकरा महिने. पुराची मोटर वर्षभर झाकून ठेवलेली असते आणि तिथेच ती मरते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. उरलेलं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. रबराचा इम्पेलर कडक होतो. म्हणून महिन्यातून एकदा पिंपात पाणी भरून पंधरा मिनिटं मोटर चालवायची, पाण्याची धार नीट बाहेर पडते का पाहायची, मग पेट्रोलचा पाइप काढून आतलं सगळं जळू द्यायचं. तारीख वहीत लिहायची आणि खाली दोघांनी सही करायची.

म्हातारा इतका वेळ गप्प होता. मी त्याला विचारलं, "अय्या, तुम्ही काय सांगाल?" कॅडेटने भाषांतर केलं. तो म्हणाला, "सार, मोटर घ्या. पण दोन वल्ही, एक लांब बांबू आणि नांगर होडीतून कोणी काढायचा नाही. लग्नाला मांडव घालायला माझा बांबू नेतात."

सगळे हसले. पण पंचायतीने तो मुद्दा वहीत पहिल्या नंबरवर लिहिला. शेवटी त्यांनी टू-स्ट्रोक, पंचवीस हॉर्सपॉवरची घेतली आणि उरलेल्या पैशांत दहा लाइफ जॅकेट, एक जादा पंखा, शिअर पिनांची पुडी आणि इम्पेलर घेतले. होडीच्या बाजूवर पांढऱ्या रंगाने तमिळमध्ये आकडा रंगवला आहे: आठ. नववा माणूस पुढच्या फेरीला.

आमचे दोन कॅडेट आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जाऊन पिंपात मोटर चालवतात. मीही दोनदा गेलो. दुसऱ्या दोरीला सुरू होते.

जय हिंद.