गेमचं कव्हर आधी लहान करून बघा
भिवंडीत बसून मी यंत्रमागावर एक छोटा गेम बनवला. कव्हरवर माग, धागे, कामगार, सगळंच कोंबलं. लॅपटॉपवर भारी दिसलं, मित्राच्या मोबाईलवर मात्र नुसता करडा ठिपका! त्याने गेम ओळखलाच नाही.

गूगल प्लेला आयकॉन ५१२ × ५१२ पिक्सेलचा लागतो, पण यादीत तो नखाएवढाच दिसतो. म्हणून एकच ठळक आकार ठेवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (२०२०) या गेमच्या कव्हरवर राजी स्वतःच पुढे आहे. नावाची अक्षरं जाड, मागचा रंग वेगळा हवा. ‘नंबर वन’, ‘मोफत’ असलं काही आयकॉनवर लिहू नका, प्लेच्या नियमात ते बसत नाही.

मी आता फक्त धोटा ठेवलाय, पिवळ्यावर काळा. मित्राने लगेच ओळखला.