तळटीप १४ : ब्लो मोल्डिंग मशीन

१४. लेखकाने रहिमतपूरच्या (ता. कोरेगाव, जि. सातारा, पुणे–मिरज लोहमार्गावरील गाव) प्रकरणात रॉकेलच्या आणि फवारणीच्या औषधांच्या ज्या प्लास्टिक कॅनांचा उल्लेख केला आहे, तसे कॅन या मशीनवर होतात.

वितळलेल्या प्लास्टिकची पोकळ नळी, म्हणजे पॅरिसन, डायमधून खाली लोंबते. साच्याचे दोन्ही अर्धे तिच्यावर मिटतात. मग आत दाबाची हवा सोडली, की नळी फुगून साच्याच्या थंड भिंतींना चिकटते आणि तिथेच घट्ट होते. कॅन उलटा करून पाहावा : तळावरची आडवी शिवण म्हणजे साच्याने नळी चिमटली ती जागा. बादली मात्र या घराण्यातली नव्हे. ती इंजेक्शन मोल्डिंगची.

काच फुंकण्याची विद्या प्राचीन. प्लास्टिकसाठीचे यंत्र एनॉक फर्नग्रेन व विल्यम कोपिट्के यांनी अमेरिकेत बनवून १९३८ मध्ये हार्टफर्ड एम्पायर कंपनीला विकले. कॅनला लागणारे एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिएथिलीन) ठाण्यात १९६८ पासून तयार होऊ लागले.

पाण्याच्या पारदर्शक बाटल्या मात्र पेट या प्लास्टिकच्या. त्यांच्यासाठी आधी प्रीफॉर्म, म्हणजे बाटलीचे छोटे पूर्वरूप, साच्यात घडवतात, नंतर तो तापवून, ताणून फुगवतात.