तैनाती फौजेचें मोल

इ. स. १८०२ च्या डिसेंबरांत दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास वसईला येऊन राहिला. २५ ऑक्टोबर रोजीं हडपसरच्या रणांत यशवंतराव होळकरांनीं त्याची व शिंद्यांची फौज मोडली होती. १७३९ सालीं ज्या वसईसाठीं त्याचे चुलत आजे चिमाजीअप्पा पोर्तुगीजांशीं झुंजले, तेथेंच ३१ डिसेंबरला त्यानें इंग्रजांशीं तह केला.

तैनात म्हणजे चाकरीवरील नेमणूक. तेव्हां तैनाती फौज ही पेशव्याची चाकर, असें नांवावरून वाटावें. कमींत कमी ६,००० पायदळ व सोबत तोफखाना त्याच्या राज्यांत कायमचा राहावयाचा आणि खर्चासाठीं त्यानें २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा. पण फौजेचा सेनापति इंग्रज, आणि क्षुल्लक कामीं ती मिळावयाची नाहीं. क्षुल्लक काय तें ठरविणार अर्थातच इंग्रज! शिवाय इतर राज्यांशीं बोलणें इंग्रजांच्या सल्ल्यावांचून करावयाचें नाहीं आणि निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले तंटेही इंग्रजांच्याच निवाड्यानें मिटवावयाचे. सुरतेवरील हक्क गेला तो वेगळाच.

खरी मेख होती ती मुलूख घेण्यांत. निजामानें १७९८ सालीं अशाच फौजेसाठीं वर्षाला २४ लाखांवर रोख रक्कम कबूल केली होती. परंतु हप्ते थकूं शकतात. म्हणून १८०० सालीं, म्हैसूरच्या दोन युद्धांत त्याच्या वांट्यास आलेला मुलूखच इंग्रजांनीं त्या रकमेपोटीं घेतला. पुढल्याच वर्षीं अयोध्येच्या नबाबाचें सुमारें अर्धें राज्य याच वाटेनें गेलें. हप्ता अडवून धन्याला निदान कुरकुर तरी करतां येते. तोडून दिलेल्या परगण्याचा वसूल थांबविणें त्याच्या हातीं राहत नाहीं.

नाना फडणीस १८०० च्या मार्चमध्यें वारले. तोंपर्यंत ही फौज पुण्यांत आली नव्हती. बाजीराव भित्रा होता म्हणून ती आली, एवढेंच म्हणून भागत नाहीं. विठोजी होळकरांना हत्तीच्या पायीं देऊन त्यानें जें वैर ओढवून घेतलें, त्यापासून वांचविणारा दुसरा कोणी त्याला उरला नव्हता.

१३ मे १८०३ रोजीं तो इंग्रजी संगिनींच्या छायेंत पुण्यास परतला. चौदा वर्षांनीं, १८१७ च्या मे महिन्यांत, त्र्यंबकजी डेंगळ्यांस हवालीं करण्यासाठीं इंग्रजांनीं त्याला पेंचांत धरलें. पुण्याभोंवतीं येऊन बसली ती हीच फौज. त्याला सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून द्यावे लागले. नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेस जनरल स्मिथनें पुणें घेतलें. त्याच्या हाताखालीं पेशव्याच्याच मुलखाच्या उत्पन्नावर पोसलेल्या पलटणी होत्या.